ठिपक्यांतला आकडा

१२ ऑगस्ट

राजेश्री मॅडमनी आज वर्गात सगळ्यांना एकेक कोरी वही दिली. वर्षभर यात लिहा म्हणाल्या. काय बघितलं, काय कळलं, काय कळलं नाही. वही कुणी वाचणार नाही, त्या स्वतःही नाहीत. मग देता कशाला, असं तोंडावर आलं होतं, पण पहिलाच दिवस म्हणून गप्प बसलो.

तर मी परमेश्वर, राहणार पेडगाव, आजपासून परभणीच्या डिझाइन कॉलेजचा विद्यार्थी. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. माझे वडील, आबा, अजून लोकांना सांगतात, "पोरगं ते साड्यावरच्या डिझाईनीचं शिकायलंय." आईने तर सांगणंच सोडून दिलंय. मला पाठवलं ते भक्तीताईने. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि घरात तिचा शब्द खाली पडत नाही. सकाळी शर्टही तिनेच काढून ठेवला होता. अठरा वर्षांचा झालो तरी माझे कपडे तीच काढते. मी दुसरा घालायला गेलो तर म्हणाली, "त्या प्यांटीवर तसला शर्ट कुणी घालतं का? गप ह्योच घाल."

३० ऑगस्ट

रंगचक्र केलं. बारा घरं, तीन मूळ रंग, बाकीचे कालवून बनवायचे. बाटल्यांवर नावं असतात म्हणून सुरुवात ठीक झाली, पण कालवाकालवीत कुठला रंग कुठं गेला ते लक्षात राहिना. मॅडम माझ्या कागदापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "धाडसी आहेस रे." धम्मदीप शेजारी बसतो, परभणीचाच आहे. तो माझ्या कागदाकडे बघून हसत होता. जळतो बहुतेक.

बाटल्यांवरची नावं बघून जुनी गंमत आठवली. प्राथमिक शाळेत माझ्या रंगखडूंच्या प्रत्येक कांडीवर ताईने बॉलपेनने नाव लिहिलेलं असायचं: लाल, हिरवा, तपकिरी. तिला तेव्हापासूनच मास्तरीण व्हायची हौस.

२१ सप्टेंबर

कॉलेजमागचं कडूलिंबाचं झाड रंगवायला सांगितलं होतं. चार तास उन्हात बसून रंगवलं. फांद्यांची वळणं, सावल्या, खोडावरच्या भेगा, सगळं जमलं. खरंच जमलं, मी माझं कौतुक सहसा करत नाही. मॅडमनी बराच वेळ बघून विचारलं, "पानं अशी का केलीस?"

अशी म्हणजे कशी? पानासारखीच तर केली होती. काय उत्तर द्यावं ते कळेना, म्हणून म्हणालो, "ऊन होतं ना मॅडम." त्या हं म्हणाल्या आणि पुढं गेल्या. त्या हंचा अर्थ मी एसटीत परतीच्या पूर्ण रस्त्यात लावत होतो. लागला नाही.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याला आजोबा आलेत. आईचे वडील, सटवाजी आजोबा, पूर्ण्याजवळच्या खेड्यात राहतात. सोनं दिलं, जेवण झालं, आणि अंगणात बसल्यावर त्यांची रेल्वेची गोष्ट निघाली. ती दरवर्षी निघते आणि घरात सगळ्यांना पाठ आहे.

आजोबा विशीत असताना पूर्ण्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे लायनीवरचा मजूर, म्हणून लागणार होते. पळून दाखवलं, ओझं उचलून दाखवलं, सगळ्यात पुढे. मग डॉक्टर साहेबापुढे उभं केलं. "त्यानं एक पुस्तक काढलं," आजोबा सांगतात, "त्यात नुसते ठिपके. गोल गोल. म्हणला, आकडा वाच. मी म्हणलं साहेब, आकडा न्हाई ह्याच्यात. दुसरं पान काढलं, तिथं बी न्हाई. जिथं लिहिलंच न्हाई तिथं काय वाचू मी? सरळ म्हणायचं ना, तुला घ्यायचं न्हाई म्हनून. ठिपक्याचं नाटक कामून?"

साहेबाने नापास लिहिलं, आजोबांनी तो कागद त्याच्यासमोर फाडला आणि घरी आले. पन्नास वर्षं झाली, अजून त्या साहेबाचा उद्धार होतो. गरिबाला असंच बाहेर ठेवतात हे मला पटतं. आबाही मान हलवत होते.

नोव्हेंबर (तारीख लक्षात नाही)

लिहिण्यासारखं काही नाही. बसलो, गेलो, आलो.

१८ डिसेंबर

आज फजिती झाली. मॅडमनी प्रत्येकाला कापडाचे वीस तुकडे दिले आणि म्हणाल्या, रंगांची कुटुंबं लावा. मी लावली. सगळ्यांची झाल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "हे कशावरून लावलंस?"

"उजळापासून गडदापर्यंत, मॅडम."

"आणि कुटुंब?"

धम्मदीपने एक तुकडा उचलून दुसऱ्या ढिगात ठेवला, मग आणखी एक, मग आणखी. वर्गात कुणीतरी हसलं. दहापैकी दोन गुण. मॅडम म्हणाल्या, "तास संपल्यावर भेटून जा." मी गेलो नाही, मागच्या दाराने सटकलो.

मला कळून चुकलंय. मी बोललो की त्यांच्या कपाळावर आठी पडते. त्यांना शहरातली, शुद्ध बोलणारी पोरं लागतात. तुकड्यांचं निमित्त, मुळात मी नको आहे. आजोबांच्या साहेबाची आठवण झाली. तेव्हा ठिपके होते, आता चिंध्या.

१९ जानेवारी

रविवार. मिरची तोडायला सगळे रानात. लाल झालेली तेवढी तोडायची, हिरवी ठेवायची. माझ्या टोपल्यात नेहमीप्रमाणे निम्म्या हिरव्या निघाल्या. आबा कावले. "कॉलेजात जाऊन बी हात वेंधळाच." ताई माझ्या मागच्याच सरीत होती. ती काही न बोलता माझ्या टोपल्यातल्या कच्च्या मिरच्या काढून आपल्या ओच्यात घेत राहिली. लहानपणापासून ती माझ्या मागच्याच सरीत असते. आई म्हणते तिला भावाचं लय कौतुक.

मला विचाराल तर बाकीच्यांना लाल मिरची लांबून कशी दिसते हेच मला कळत नाही. मी जवळ जाऊन दाबून बघतो. पिकलेली जरा मऊ लागते. म्हणून वेळ लागतो. तोडणं हीसुद्धा सवयीचीच गोष्ट, मी अभ्यासामुळे रानात कमी येतो, एवढंच.

९ फेब्रुवारी

ताईचं लग्न ठरलं. सेलूचा मुलगा, कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे, बोलायला बरा वाटला. लग्न दोन मेला. घरात आनंदीआनंद, आणि मी दुपारभर गोठ्यामागे जाऊन बसलो होतो. का ते लिहिता येत नाही. ती जाणार हे माहीत होतंच की.

संध्याकाळी आबा म्हणाले, "पत्रिका परमा करंल. एवढं शिकायलंय तर उपयोग काय?" कॉलेजबद्दल आबा पहिल्यांदाच चांगलं बोलले. ताई पटकन म्हणाली, "मी बी बसते त्याच्यासंगं." मी म्हणालो, काही गरज नाही, नवरीने आपली पत्रिका करायची नसते. सगळ्यांना एकदाच दाखवून देतो मी काय शिकलोय ते.

१६ मार्च

महिनाभर पत्रिकेची अक्षरं काढतोय. बाजारात मिळतात तसला चकचकीत गणपती, मोर, सोनेरी वेलबुट्टी यातलं काही नको. पांढराशुभ्र जाड कागद, चारी बाजूंनी कापसाच्या बोंडांची बारीक वेल, मधे हाताने काढलेली अक्षरं. सगळं एकाच शाईत, गडद कुंकवासारख्या. ताईच्या नावातला 'भ' सतरा वेळा काढला. सतरावा जमला.

आज सेलूला बन्सीधर काकांच्या छापखान्यात देऊन आलो. ते आबांचे जुने ओळखीचे. त्यांनी कागदाच्या पट्टीवर शाईची दोन बोटं ओढून दाखवली. "ही का ही?"

दोन्ही गडदच होत्या. एक जरा जास्त भरीव वाटली, ती दाखवली.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "लग्नाचीच हाय ना रे पत्रिका?"

"काका, आता असंच चालतंय. साधं, कमीत कमी."

"तुमी शिकलेले लोक," म्हणाले आणि नमुन्यावर माझी सही घेतली. बाहेर पडताना छाती दोन इंच वाढली होती.

५ एप्रिल

पत्रिका आल्या. साडेतीनशे. गठ्ठा सोडला आणि पहिलीच हातात घेऊन मी किती तरी वेळ नुसता बघत उभा होतो. एवढी सुंदर गोष्ट मी आजवर केलेली नाही. वेल कुठं तुटली नाही, अक्षर कुठं शाईने भरलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या मालनबाई विरजण मागायला आल्या. त्यांना वाचता येत नाही. माझ्या हातातली पत्रिका बघितली, गठ्ठा बघितला, आणि पदर तोंडाला लावून आईला म्हणाल्या, "आगं माय, कोण गेलं वं?"

मला हसू आलं. पण आई हसली नाही. तिने एक पत्रिका उचलली, आबांकडे दिली. आबा म्हणाले, "काळी? लग्नाची पत्रिका काळी कशाला छापली?"

"काळी कुठंय?" मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत होती, आबा पत्रिकेकडे. मालनबाई विरजण न घेताच गेल्या. मग ताई स्वयंपाकघरातून पीठ भरल्या हाताने बाहेर आली आणि म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला काळी कर म्हनून. म्हणलं जरा येगळं दिसू दे."

आबा तिच्यावर तासभर ओरडले. दहाव्याची चिठ्ठी म्हणाले, सेलूवाल्यांना तोंड कसं दाखवू म्हणाले. ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली. तिने मला काहीही सांगितलं नव्हतं. कधीच नाही. मग खोटं का बोलली? आणि पत्रिका काळी आहे असं सगळे का म्हणतायत? मी अंगणात उन्हात नेऊन बघितली, सावलीत बघितली. मला वेड तर लागलं नाही ना?

६ एप्रिल

दुसऱ्या छपाईला वेळ नाही, घरोघर जायला आजपासून निघायलाच हवं. सकाळी ताईने चटई टाकली, एका वाटीत हळद भिजवली, एकीत कुंकू, आणि गठ्ठा पुढे ओढला. "ये. हळद तुझ्याकडं, कुंकू माझ्याकडं. नुसती कोपऱ्याला न्हाई, सगळ्या कडंनं बोटं वढायची. भरगच्च. मग कुणी नाव ठेवायचं न्हाई."

पन्नासेक झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "परमा, दुसरीत असताना तुला गुरुजीनं मारलं होतं, ध्यानात हाय?"

मारल्याचं आठवतं, कशासाठी ते आठवत नाही.

"झेंडा रंगवायचा होता. तू वरची पट्टी आन् खालची पट्टी एकाच खडूनं रंगवली. गुरुजी म्हणले टिंगल करायलास का. तू रडत रडत म्हणलास, दोन्ही सारख्याच तर हायत. मी चौथीत होते, दारातून बघायले होते. घरी आल्यावर तुझ्या खडूंवर नावं लिहिली."

मी पुढच्या पत्रिकेवर हळदीचं बोट ओढलं. मग आणखी एका. खडू, शर्ट, मिरच्या, लिंबाची पानं, वीस चिंध्या, एकेक येऊन समोर बसत गेलं.

"म्हणजे मला रंग दिसत न्हाईत?"

"दिसतेत. समदे न्हाई दिसत."

"अन् तू अकरा वर्षं गप बसलीस?"

"तुला चित्रं लय आवडायची," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर सोडून दिली असतीस."

मी वाटी सरकवून उठलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मला तिचा राग आला. भयंकर राग आला. साऱ्या जगाला जे दिसतं ते मला दिसत नाही, आणि हिने ते झाकून मला डिझाइन कॉलेजात घातलं! आंधळ्याला मोटार शिकायला पाठवावं तसं. अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन बसलो, कारण तीनशे पत्रिका राहिल्या होत्या. संध्याकाळपर्यंत दोघं नुसती बोटं ओढत राहिलो. पत्रिका छान दिसत होत्या असं आई म्हणाली. कशा दिसत होत्या ते मला कसं कळणार?

८ एप्रिल

मोबाइलवर शोधलं. या दोषाला नाव आहे, आईकडून येतो, औषध नाही. खाली तपासणीची चित्रं होती. गोल गोल ठिपके. 'आकडा दिसतो का?' असं लिहिलं होतं. पहिल्यात दिसला. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात नाही.

हे आजोबांचं पुस्तक आहे.

२२ एप्रिल

कॉलेज संपत आलं. दुसऱ्या वर्षाचा अर्ज चौदा मेपर्यंत भरायचा आहे. मी भरणार नाही. मॅडमना कळलं तर त्या काढणारच. त्यापेक्षा आपण होऊन गेलेलं बरं, निदान मान राहील. आबांना सांगेन कृषी पदविकेला जातो. कृषीत तरी काय, तिथंही पिकाचं पान पिवळं की हिरवं ते ओळखायचं असतं. मग मी करू तरी काय? वर्षभरात मी काय शिकलो म्हणून मॅडमनी शेवटचं टिपण मागितलंय. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या. वर्षाच्या सुरुवातीला मला सगळं येत होतं, आता काहीच सांगता येत नाही. याला प्रगती म्हणतात का?

४ मे

लग्न झालं. ताई गेली. निघताना गळ्यात पडून कानात म्हणाली, "अर्ज भर." बाकी बहिणी काय काय म्हणतात आणि ही अर्ज भर म्हणाली. मी तिला माफही केलं नव्हतं. माफ केलं, तेवढं म्हणायला हवं होतं, पण रडूच इतकं आलं की राहिलं.

घरी आल्यावर पेटीत माझे शर्ट घडी करून ठेवलेले, प्रत्येकात कागदाची चिठ्ठी. 'हिरवा. काळ्या प्यांटीवर.' 'मरून. पांढऱ्यावर चालंल, खाकीवर नको.' अकरा शर्ट, अकरा चिठ्ठ्या.

५ मे

आजोबा लग्नानंतर राहिलेत. दुपारी लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी बराच वेळ घुटमळलो आणि मोबाइल पुढे धरला. "आजोबा, ह्याच्यात काय दिसतंय?"

त्यांनी चष्मा लावला. "ठिपके."

"आकडा?"

"न्हाई बा." मग एकदम ताठ बसले. "हे... हे तर त्या साहेबाचं पुस्तक! तुझ्याकडं कसं आलं?"

मी आईला हाक मारली. तिने पदराला हात पुसत बघितलं आणि सहज म्हणाली, "त्र्याहत्तर की."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला?"

"मला बी न्हाई दिसत आजोबा."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत होते मोबाइलकडेच. स्क्रीन विझली की बोट लावून परत पेटवायला सांगत. मला भीती वाटली, या वयात मी हे कशाला सांगितलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे आकडा होता."

"होता."

"त्यो साहेब म्हणला होता मला. लायनीवर न्हाई घेता येणार, पण थांब जरा, गोदामात जागा बघतो. मी ऐकलंच न्हाई. कागद फाडला." हे गोष्टीत कधीच नव्हतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होतो. आई तशीच उभी होती.

मग त्यांनी विचारलं, "तुला काढलं का कॉलेजातून?"

"न्हाई. त्यांना ठावंच न्हाई. मीच सोडायलोय."

आजोबांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला मान वर करता येईना.

१३ मे

आज गेलो. मॅडमपुढे उभा राहून एका दमात सांगून टाकलं, आमच्या बोलीतच, कारण दुसरी सुचलीच नाही. पत्रिकाही पुढे ठेवली, हळदकुंकू न लागलेली एक उरली होती.

त्यांच्या कपाळावर आठी पडली. पण ती मी काय म्हणतोय ते नीट ऐकताना पडते, हे आज मला पहिल्यांदा दिसलं. म्हणाल्या, "डिसेंबरात भेटायला बोलावलं होतं तुला. तुकडे बघून शंका आली होती. तू पळून गेलास, आणि मीही मग विचारलं नाही. चूक माझीही आहे." मग पत्रिका हातात घेतली. 'भ'वरून बोट फिरवत विचारलं, "हा कितव्या वेळी जमला?"

"सतराव्या."

"रंगाचा पेपर पुन्हा द्यावा लागेल. सोपा जाणार नाही, आणि पुढेही कुणाला तरी विचारूनच रंग लावावा लागेल. विचारशील?"

विचारीन म्हणालो. अर्जावर सही केली. मी राहतोय ते बरोबर की चूक, मला अजून माहीत नाही. अक्षरं काढता येतात म्हणून डिझायनर होता येतं का, तेही माहीत नाही.

बाहेर येऊन आधी ताईला फोन केला. "भरला," म्हणालो, आणि जे तेव्हा राहिलं होतं तेही म्हणालो. ती पलीकडे नुसती नाक ओढत होती. मग तिने विचारलं, "शर्ट कोणता घातलायस?" मी सांगितलं, चिठ्ठी वाचून घातलाय.

दुसरा फोन आजोबांना.

"काढलं का?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"न्हाई. ठेवलं."

"मग मॅडम चांगल्या हायत तुमच्या," आजोबा म्हणाले. मी फोन ठेवणार होतो.

मग म्हणाले, "माझा साहेब बी चांगलाच होता रे."